पाच कोटींची नोटीस आली म्हणून घाबरू नका, पण फाईल मात्र आजच लावायला घ्या

तुमचा प्रश्न लांब होता, इतरांसाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही तालुक्याच्या गावात एक साप्ताहिक आणि जोडीला यूट्यूब चॅनेल चालवता, माहिती अधिकारात नगरपरिषदेच्या एका रस्त्याचे कागद काढले, त्यात पूर्ण कामाचं बिल निघालेलं दिसलं आणि जागेवर रस्ता अर्धवट, त्यावर बातमी आणि व्हिडिओ केला. आता ठेकेदाराच्या वकिलाची पाच कोटींची नोटीस आलीय, सात दिवसांत माफी मागा, व्हिडिओ काढा, नाहीतर दिवाणी आणि फौजदारी दोन्ही. वर एक नगरसेवक फोनवर म्हणतोय की एफआयआर टाकतो. आणि तुम्ही विचारताय की संविधानानं पत्रकाराला दिलेलं स्वातंत्र्य मला वाचवेल का.

मी जिल्हा आणि तालुका कोर्टात गेली बरीच वर्षं वकिली करतो, पेपरवाल्यांच्या बाजूनं पण उभा राहिलोय आणि पेपरवाल्यांवर चिडलेल्यांच्या बाजूनं पण, त्यामुळे समोरचा वकील काय शोधतो ते सांगू शकतो. तो एवढंच शोधतो की तुमच्याकडे छापायच्या आधी काय होतं. छापल्यानंतर जमवलेल्या कागदांची किंमत निम्मी होते.

आधी संविधानाचं बघू. पत्रकाराला म्हणून वेगळं असं काही तिथं लिहिलेलं नाही. कलम १९(१)(अ) सगळ्या नागरिकांना भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य देतं, आणि घटना समितीत हा मुद्दा निघाला तेव्हा डॉ. आंबेडकरांनी स्पष्टच सांगितलं होतं की वृत्तपत्राला नागरिकापेक्षा वेगळे असे खास हक्क नाहीत, संपादक लिहितो तो नागरिक म्हणूनच लिहितो, म्हणून वेगळ्या उल्लेखाची गरज नाही. म्हणजे गळ्यातलं प्रेस कार्ड आणि गाडीवरचा स्टिकर कोर्टात शून्य कामाचा. पुढं सुप्रीम कोर्टानं वृत्तपत्र स्वातंत्र्य याच कलमातून बाहेर काढलं, आणि त्यातले दोन मोठे निकाल आपल्या इथल्या छापखान्यांचेच आहेत. १९५० चा रोमेश थापर, मुंबईतून निघणाऱ्या एका इंग्रजी साप्ताहिकाला मद्रास सरकारनं आपल्या हद्दीत बंदी घातली आणि ती कोर्टानं उडवली, त्यानंतर लगेच १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती झाली. दुसरा पुण्याच्या सकाळचा. सरकारनं पेपरची किंमत आणि पानं यांची सांगड घालायचा कायदा केला होता, इतक्या किमतीत इतकीच पानं, आणि सांगितलं की हे छोट्या पेपरांच्या हितासाठी आहे. सकाळ कोर्टात गेला, १९६१ मध्ये निकाल लागला, कोर्ट म्हणालं की भाषणस्वातंत्र्यावर बंधन घालायचं तर १९(२) मध्ये जी कारणं लिहिलीत तेवढ्यांवरच घालता येईल, नुसतं ‘लोकहित’ म्हणून नाही.

ती कारणं आठ आहेत, देशाचं सार्वभौमत्व आणि एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता-नीतिमत्ता, कोर्टाचा अवमान, अब्रुनुकसानी आणि गुन्ह्याला चिथावणी. तुमची अडचण सातव्या नंबरची आहे. आणि १९ वं कलम मुळात सरकारला आवरायला आहे, ठेकेदार हा खाजगी माणूस, तो तुमच्यावर दावा लावेल तेव्हा ‘मला स्वातंत्र्य आहे’ एवढ्यावर भागत नाही, तिथं अब्रुनुकसानीच्या कायद्यातले अपवादच कामाला येतात.

आता मुख्य गोष्ट, आणि इथंच बहुतेक पत्रकार गाफील असतात. ‘खरं छापलं, मग कोण काय करणार’ हे दिवाणी दाव्यात चालतं, तिथं सत्य सिद्ध झालं की विषय संपला. पण फौजदारीत, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये (जुनं भादंवि ४९९-५००), नुसतं खरं असून भागत नाही, ते सार्वजनिक हितासाठी होतं हेही दाखवावं लागतं, आणि दाखवायची जबाबदारी तुमची. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद किंवा दंड किंवा दोन्ही, नव्या संहितेत समाजसेवेचा पर्यायही आला. ही तरतूद घटनाबाह्य ठरवा म्हणून बरेच लोक सुप्रीम कोर्टात गेले होते पण १३ मे २०१६ ला सुब्रमण्यम स्वामी प्रकरणात कोर्टानं ती कायम ठेवली. इंग्लंडनं, ज्यांनी हा कायदा आपल्याला दिला, त्यांनी स्वतःकडचा २००९ च्या कायद्यानं काढून टाकला, श्रीलंकेनं २००२ मध्येच काढला. आपल्याकडे आहे तो आहे.

त्या ३५६ ला दहा अपवाद आहेत. तुमच्या कामाचे चार. पहिला, खरं आणि लोकहिताचं. दुसरा, सरकारी नोकराच्या कामकाजावर सद्भावनेनं दिलेलं मत. तिसरा, सार्वजनिक प्रश्नात कुणाही माणसाच्या वागण्यावर सद्भावनेनं दिलेलं मत, ठेकेदार इथं बसतो, कारण रस्ता पालिकेच्या पैशाचा. आणि नववा, लोकहितासाठी सद्भावनेनं केलेला आरोप. आता ही सद्भावना म्हणजे मन साफ असणं नव्हे, व्याख्येतच लिहिलंय की योग्य काळजी आणि लक्ष देऊन केलेली गोष्ट. १९८१ मध्ये ब्लिट्झ या साप्ताहिकाचे संपादक करंजिया यांच्या प्रकरणात नेमकं हेच झालं, हायकोर्टानं नववा अपवाद लागू धरून खटला आधीच थांबवला होता, सुप्रीम कोर्टात बहुमतानं ठरलं की सद्भावना होती का, काय चौकशी केली होती, हे पुराव्यात दाखवा, आधीच सुटका नाही.

तुमचा व्हिडिओ मी पूर्ण बघितला. आतली बातमी चांगली आहे, खरंच चांगली आहे. मोजमाप पुस्तिकेचं, म्हणजे एमबीचं पान दाखवलंय, त्यावर १२०० मीटर नोंद, ज्युनिअर इंजिनिअरची सही, मग तुम्ही टेप लावून जागेवर ७०० च्या आसपास मोजलं. आणि बाहेर थंबनेल काय? लाल अक्षरात ‘पालिकेवर दरोडा! ठेकेदार चोर, साहेब सामील’, खाली त्याचा फोटो आणि त्यावर बेड्या. आता नोटीस परत वाचा. वकिलानं सहाव्या पॅरात फक्त थंबनेल उतरवलंय आणि तुमचं एक वाक्य, ‘हा माणूस गावाला लुटतोय’. मोजमाप चुकीचं आहे असं अख्ख्या नोटिशीत कुठंही नाही! १२०० का ७०० यावर एक शब्द नाही. म्हणजे तुमच्या कागदांना त्याला हात लावायचा नाहीये, त्याला तुमच्या विशेषणांवर लढायचंय. मीही त्याच्या जागी असतो तर तेच केलं असतं.

‘चोर’ आणि ‘सामील’ हे मत नाही, तो गुन्ह्याचा आरोप आहे, म्हणजे चोरी आणि संगनमत तुम्हाला सिद्ध करावं लागेल, जे तुमच्याकडच्या कागदांतून होत नाही, कारण साहेबानं पैसे घेतले याचा तुमच्याकडे काडीचा पुरावा नाही. पण ‘एमबीत १२०० मीटर लिहिलंय, जागेवर आम्हाला ७०० मिळाला, मग ५०० मीटरचं बिल कुठल्या आधारावर काढलं, मुख्याधिकाऱ्यांनी उत्तर द्यावं’ हे लिहिलं असतं तर वाचणाऱ्याला जे समजायचं ते समजलंच असतं आणि वकिलाला धरायला काही मिळालं नसतं. व्ह्यूजसाठी थंबनेल भडक करावं लागतं हे मला मुलं सांगतात, असेल, पण मग वकिलाची फीसुद्धा त्याच व्ह्यूजमधून काढा.

अजून एक जागा कच्ची आहे. तुम्ही टेप कुठून लावली? इस्टिमेटमध्ये चेनेज दिलेलं असतं, शून्य कुठल्या चौकातून धरलाय ते. ठेकेदार उद्या म्हणेल की सुधारित अंदाजपत्रकात उरलेली लांबी शेजारच्या गल्लीत वळवली. तसं असेल तर तुमची सगळी बातमी पडते, आणि हे बऱ्याचदा खरंच असतं. म्हणून सुधारित अंदाजपत्रक, वर्क ऑर्डर आणि काम पूर्णत्वाचा दाखला या तिन्हींसाठी आजच नवीन माहिती अर्ज टाका, आणि जे कागद आहेत त्यांच्या साक्षांकित प्रती मागून घ्या, झेरॉक्सवर कोर्ट चालत नाही. परत एकदा मोजा, चेनेजप्रमाणे, त्या रस्त्यावरचे दोन रहिवासी सोबत घ्या, त्यांच्या सह्या घ्या, कॅमेरा न तोडता शूट करा. ज्या फोननं आधी शूट केलं तो विकू नका, फॉरमॅट करू नका. नव्या साक्ष कायद्याच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याला सर्टिफिकेट लागतं आणि त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा ओळख-आकडा, द्यावी लागते, मूळ फाईल नसेल तर मग रडत बसायचं.

ठेकेदाराचं म्हणणं विचारलं होतं का, तर तुम्ही लिहिलंय ‘फोन केला, उचलला नाही’. एका मिस्ड कॉलला कोर्ट काळजी म्हणत नाही. चार प्रश्न लिहून व्हॉट्सॲपवर आणि मेलवर पाठवायचे, एक दिवस द्यायचा, उत्तर आलं तर छापायचं, नाही आलं तर ‘प्रश्न पाठवले, उत्तर आलं नाही’ छापायचं. हे आताही करा, उशीर झाला तरी करा.

बरं, तुमच्या बाजूनं कायदा कुठं भक्कम आहे तेही सांगतो, नाहीतर तुम्ही हे वाचून चॅनेलच बंद कराल. १९९४ चा आर. राजगोपाल निकाल लक्षात ठेवा. सरकार, नगरपालिका, जिल्हा परिषद यांना स्वतःच्या बदनामीबद्दल भरपाईचा दावा लावता येत नाही. म्हणजे ‘पालिकेची बदनामी केली’ म्हणून पालिका तुम्हाला दिवाणीत ओढू शकत नाही. आणि सरकारी अधिकाऱ्याच्या कामकाजाबद्दल लिहिलेलं चुकीचं निघालं तरी, सत्याची अजिबात पर्वा न करता छापलं हे तो दाखवत नाही तोवर त्याला भरपाई नाही, तुम्ही वाजवी पडताळणी केली होती एवढं दाखवणं पुरतं. हे तत्त्व अमेरिकेच्या १९६४ च्या सुलिव्हन निकालाच्या वाटेनं आलंय. पण ठेकेदार अधिकारी नाही, तो यात आपोआप बसत नाही, आणि हे तत्त्व दिवाणीचं आहे, फौजदारीला लावू नका.

दुसरा निकाल मराठी पेपरचाच. लोकमतनं विधानसभेत सरकारी निधीच्या अपहाराबद्दल विचारलेल्या प्रश्नाची आणि मंत्र्याच्या उत्तराची बातमी छापली, नाव आलेल्या माणसानं फौजदारी केली, जवाहरलाल दर्डा संपादक म्हणून आरोपी. १९९८ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की सभागृहातल्या कामकाजाचा अचूक वृत्तांत सद्भावनेनं दिला असेल तर हा गुन्हा होत नाही. म्हणून गावाकडच्या पत्रकारांना माझं नेहमी सांगणं असतं की बातमी कुठल्यातरी नोंदीला टेकवा, सभेचं इतिवृत्त, लेखापरीक्षणाचा आक्षेप, कोर्टातला अर्ज, एफआयआरची प्रत. तुमच्याकडे पालिकेचं लेखापरीक्षण असेल तर ते आधी काढा, त्यात या कामावर आक्षेप असेल तर अर्धी केस तिथंच हलकी होते.

पाच कोटींच्या आकड्याबद्दल. नोटिशीत कितीही लिहिता येतं, त्याला फी नाही. दावा लावायचा तर आकड्याच्या प्रमाणात कोर्ट फी भरावी लागते आणि पाच कोटींवर ती लाखांत जाते, म्हणून असल्या बऱ्याचशा नोटिसा दाव्यापर्यंत पोचतच नाहीत किंवा पोचतात तेव्हा आकडा पार खाली आलेला असतो. दिवाणी दाव्याला मुदत छापल्यापासून एक वर्ष, फौजदारीला तीन वर्षं. खरी भीती भरपाईची नाही, एकतर्फी मनाईची आहे. सुट्टीच्या आदल्या दिवशी जाऊन तुम्हाला न ऐकता व्हिडिओ काढायचा आदेश घ्यायचा, ही जुनी खेळी. त्यावर उपाय कॅव्हेट, म्हणजे मला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका असा कोर्टात आधीच टाकलेला अर्ज. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १४८-अ, नव्वद दिवस चालतं, खर्च किरकोळ, तुमच्या तालुका आणि जिल्हा दोन्ही कोर्टात उद्याच टाका. आणि वकिलाला मार्च २०२४ चा ब्लूमबर्ग विरुद्ध झी निकाल दाखवा, त्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की खटला चालण्याआधी लेखावर मनाई हा अपवाद आहे, मजकूर दुष्ट हेतूचा किंवा उघड खोटा आहे असं दिसल्याशिवाय देऊ नका.

नगरसेवकाच्या एफआयआरचं. अब्रुनुकसानी अदखलपात्र आहे, पोलीस फार तर एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, घेतील, मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास नाही, आणि खाजगी फिर्याद झाली तरी आता बीएनएसएसच्या, म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या, कलम २२३ प्रमाणे मॅजिस्ट्रेटनं दखल घेण्याआधी तुम्हाला म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते, जुन्या कायद्यात हे नव्हतं, याचा पुरेपूर उपयोग करून घ्या. गुन्हा जामीनपात्र आहे, त्यामुळे अटक अटक म्हणून घरच्यांना घाबरवू नका. पण गावात कसं होतं ते तुम्हालाही माहितीय, अब्रुनुकसानी दाखल होत नाही म्हटल्यावर दुसरी कलमं लावायचा प्रयत्न होतो, सरकारी कामात अडथळा, धमकी, दोन समाजांत तेढ आणि सगळ्यात वाईट म्हणजे खंडणी.

खंडणीवर जरा थांबतो. तुमच्या साप्ताहिकानं या ठेकेदाराकडे दिवाळी अंकाची जाहिरात मागितली होती का? तुम्ही नाही, तुमच्या जाहिरातीच्या पोरानं? व्हॉट्सॲप तपासा. बातमीच्या आधी ‘सर जाहिरातीचं बघा ना’ आणि नंतर बातमी, एवढे दोन स्क्रीनशॉट खंडणीच्या फिर्यादीला पुरतात, तिथं दखलपात्र, अटक, आणि १९(१)(अ) आठवायला वेळ मिळत नाही. असा मेसेज असेल तर वकिलाला पहिल्या भेटीतच सांगा आणि काहीही डिलीट करू नका. आणि हे पण सांगतो की काही लोक खरंच हा धंदा करतात, त्यांच्यामुळे बाकीच्यांच्या खऱ्या बातमीवरही पोलीस आधी हाच संशय घेतात.

तेढीचं कलम लावलं तर मार्च २०२५ चा इम्रान प्रतापगढी निकाल आहे, बोलण्या-लिहिण्याच्या ज्या गुन्ह्यांना तीन ते सात वर्षं शिक्षा आहे तिथं पोलिसांनी आधी प्राथमिक चौकशी करावी, आणि शब्दांचा परिणाम खंबीर, विचारी माणसाच्या नजरेतून मोजावा, हळव्या, डळमळीत मनाच्या माणसाच्या नाही. ही कसोटी मुळात नागपूरच्या हायकोर्टात व्हिव्हियन बोस यांनी १९४६ च्या निकालात घातलेली आहे. २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या प्राध्यापकावर व्हॉट्सॲप स्टेटसवरून लावलेला तेढीचा गुन्हा सुप्रीम कोर्टानं याच कसोटीवर रद्द केला. आयटी ॲक्टचं ६६-अ, ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराचं कलम, तर श्रेया सिंघल निकालानं २४ मार्च २०१५ लाच मेलंय, २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुक पोस्टवरून अटक झाली त्यातूनच ती याचिका उभी राहिली होती, तरी एखादा हवालदार अजून ते कलम म्हणून दाखवेल, हसू नका, निकालाची प्रत हातात द्या. एफआयआर झालीच तर रद्द करायला हायकोर्ट, आणि तुम्ही सांगलीकडचे आहात म्हणजे ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं कोल्हापूर सर्किट बेंच आहे, मुंबईच्या खेपा वाचल्या.

सोर्सचं विचारलंय तुम्ही, एमबीचं पान कुणी दिलं हे सांगावं लागेल का. आपल्याकडे पत्रकाराला सोर्स लपवायचा ठोस कायदेशीर हक्क नाही, प्रेस कौन्सिलपुढं आहे, कोर्टापुढं नाही. पण तुम्हाला तो कागद माहिती अधिकारात मिळालाय ना, मग प्रश्नच नाही, आणि आधी कुणी आतल्यानं दिला असेल तर म्हणूनच माहिती अधिकारातून परत मागवायचा असतो.

हल्ल्याची भीती वाटते म्हणालात. महाराष्ट्रात २०१७ चा पत्रकार संरक्षण कायदा आहे, हल्ला दखलपात्र आणि अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत शिक्षा, तपास डीवायएसपी दर्जाच्या खाली नाही. साप्ताहिक नोंदणीकृत असेल तर तुम्ही त्यात बसता, नुसत्या यूट्यूबवाल्याला वाद घालावा लागेल, म्हणून साप्ताहिकाची नोंदणी आणि अंक नियमित ठेवा. धमकीचा फोन रेकॉर्ड झाला असेल तर लेखी तक्रार आजच द्या, पोच घ्या.

आता तुमचे दोन प्रश्न. व्हिडिओ काढू नका. थंबनेल आणि शीर्षक मात्र आज बदला, ते ‘लुटतोय’ वाक्य कापा, जुनी फाईल तारखेसकट सेव्ह ठेवून. समोरचा म्हणेल बघा चूक कबूल केली, म्हणू दे, ‘चोर’ शब्द वर्षभर चॅनेलवर ठेवून लढण्यापेक्षा ते परवडतं. माफी सरसकट मागू नका, फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर ‘सॉरी दादा’ तर अजिबात नाही, तो मेसेज थेट फिर्यादीला जोडला जातो. वकिलामार्फत दोन पानी उत्तर द्या, रजिस्टर पोस्टानं, कायद्यानं बंधनकारक नसलं तरी द्या. त्यात कागदांची यादी, मोजमापाची तारीख, आणि एक ओळ की तुमच्याकडे सुधारित अंदाजपत्रक किंवा वेगळं मोजमाप असेल तर पाठवा, आम्ही तेवढ्याच ठळकपणे छापू. बहुतेक वेळा यावर उत्तर येत नाही. आणि आलं, कागद खरे निघाले, तर दुसऱ्याच दिवशी पहिल्या पानावर छापून टाका, तेव्हा मग दुरुस्ती लाज वाटून कोपऱ्यात ढकलू नका, कारण कोर्टात ‘काळजी आणि लक्ष’ दाखवायला त्या अंकाइतका चांगला कागद तुमच्याकडे दुसरा नसेल.